क्षयरोग : जगाचा प्रश्न, आपल्या घरचा प्रश्न



साथीचे रोग म्हटले की प्लेग, पटकी, देवी आणि अलीकडचा कोरोना आपल्याला आठवतो. हे रोग गाजावाजा करीत येतात. क्षयरोग मात्र मुकाट्याने माणसे नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला व साडेबारा लाख लोक दगावले. रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के आपल्या भारतातले होते. म्हणून जगाचा हा प्रश्न प्रथम आपला आहे.

क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. त्यावरील पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती आले. तरीही रुग्णाला घरापासून दूर, मोकळ्या हवेच्या सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे, ही समजूत कायम होती. पण गरीब देशाने एवढ्या खाटा आणायच्या कोठून?

याचे उत्तर मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने दिले. १९५६ साली तेथे एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्याच घरी, दाटीवाटीच्या वस्तीत, बेताच्या आहारावर राहू दिले. औषधे मात्र दोघांनाही तीच, वर्षभर दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना जास्त लागण झाली नव्हती! गरीब वस्तीतल्या या प्रयोगाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली.

याचा अर्थ काय? उपचार घेणाऱ्या रोग्याला घराबाहेर काढण्यास शास्त्राचा आधार नाही. तरीही आपण आजसुद्धा पाहतो की, रोग्याचे ताट-वाटी वेगळे होते, ठरलेले लग्न मोडते, सुनेला माहेरी धाडले जाते. वास्तविक हा रोग भांड्यांतून पसरत नाही. तो रोग्याच्या खोकल्यातून, हवेवाटे पसरतो. बहिष्काराच्या भीतीने माणूस खोकला लपवितो आणि उपचाराविना राहिलेला रोग इतरांना लागतो. कोणी बरे वाटताच गोळ्या सोडतो. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि तसलेच जंतू पुढे दुसऱ्याच्या छातीत जातात.

तेव्हा आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. तो पूर्ण करावा. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषक आहारासाठी दरमहा १००० रुपये देण्याची सरकारी योजना आहे; तिचा अर्ज भरून देणे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जमेल.

औषध सरकार देईल. पण सहा महिने रोग्याच्या शेजारी बसण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. ते आपण करू या.