न्यूमोनियाचे औषध : भारी कोणते, योग्य कोणते?



औषधांवर बोलायला मजूर संघटनेचा माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. हमाल, भातगिरणीतले कामगार, तेंदूपाने तोडणारे मजूर आजारी पडले की त्यांच्या खाटेशी आम्ही बसतो आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातही आम्हीच जातो. ‘सगळ्यांत भारी इंजेक्शन द्या, पैशाचे पाहू’ हे शब्द आम्ही फार वेळा ऐकले आहेत. त्यासाठी बैल विकले जातात, मजुरीवर उचल घेतली जाते. तेव्हा भारी ते गुणकारी काय, हा प्रश्न जितका डॉक्टरांचा तितकाच आमचाही आहे. शाळा आमची सातवीतच सुटली. पण हिशेब तपासून घेण्याची सवय संघटनेने लावली. तीच आज इथे कामी लावू.

प्रथम घराजवळचा दाखला घेऊ. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८-८९ साली १०२ गावांत एक प्रयोग केला. ५८ गावांत आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलांचा न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्सॅझोल हे स्वस्त औषध द्यायला शिकवले. बाकीच्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू पहिल्या गावांत ८.१ झाले, दुसऱ्या गावांत १७.५. हा फरक औषधाच्या किमतीने पडला नाही. औषध वेळेवर दारात पोचले म्हणून पडला. पुढे पुष्कळ जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि आज मुलांसाठी तोंडाने द्यायचे अमॉक्सिसिलीन ही पहिली निवड आहे. तेही स्वस्तच!

पण मोठे माणूस धाप लागून रुग्णालयात दाखल झाले तर? जंतू कोणता हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, कित्येकदा कळतही नाही. औषध मात्र त्याच दिवशी सुरू व्हावे लागते. म्हणून डॉक्टर अंदाजाने निवड करतात. त्यांच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. एक, पेनिसिलीनच्या घराण्यातले किंवा त्याच्या नात्यातले सेफ्ट्रिअॅक्झोनसारखे औषध एकटेच द्यायचे. दोन, त्याच्या जोडीला अॅझिथ्रोमायसिनसारखे दुसरे द्यायचे. तीन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या जातीचे एकच औषध द्यायचे.

जोडी कशासाठी? पेनिसिलीन जंतूला आपली भिंत बांधू देत नाही. पण मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला भिंतच नसते. तिथे पेनिसिलीन काय करणार? अॅझिथ्रोमायसिन जंतूच्या आतला प्रथिनांचा कारखानाच बंद पाडते, म्हणून ते तिथे चालते.

या तीन वाटांची तुलना नेदरलँड्समधील ७ रुग्णालयांनी केली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक रुग्णालयाने चार-चार महिने पाळीपाळीने एकेक पद्धत पाळली. अतिदक्षता विभागाबाहेरचे २,२८३ रुग्ण मोजले गेले. नव्वद दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण एकट्या पेनिसिलीन-घराण्यात शेकडा ९, जोडीत ११.१ आणि तिसऱ्या वाटेत ८.८ आले. म्हणजे वॉर्डातल्या रुग्णांत साधे एकटे औषध कुठेही मागे पडले नाही.

मग तो निकाल जसाच्या तसा इथे लावावा काय? नाही. तिकडे क्षयरोग विरळा. आपल्याकडे तो घरोघरी खोकतो. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही चालतात. न्यूमोनिया समजून ते दिले, तर क्षयाचा रोगी चार दिवस बरा वाटून घरी जातो, निदान लांबते, आणि जंतू त्या औषधाला निर्ढावतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर हीच औषधे लागतात, तेव्हा ती बोथट झालेली असतात. म्हणूनच २०१२ साली आपल्या देशातील छातीच्या विकारतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी सांगितले, की वॉर्डातल्या रुग्णाला पेनिसिलीनच्या नात्यातले औषध आणि अॅझिथ्रोमायसिनच्या जातीचे औषध द्यावे; तिसरी वाट अंदाजाने सहसा धरू नये. अत्यवस्थ रुग्णाचा हिशेब वेगळा. तिथे एकट्या औषधावर विसंबत नाहीत.

तेव्हा खाटेशी बसणाऱ्यांनी ‘भारी द्या’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांना चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. पहिला डोस दिला काय? क्षयासाठी बेडका तपासला काय? रक्तातला प्राणवायू मोजला काय? ताप उतरून रुग्ण जेवू लागला, तर इंजेक्शनाऐवजी गोळ्या चालतील काय? गोळ्या मात्र सांगितलेले दिवस पुऱ्या कराव्यात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.

आणि एक मागणी आपण सर्वांनी मिळून करायची आहे. पिंपरीला १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, तो पेनिसिलीन गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून. ते औषध, बेडक्याची तपासणी, क्ष-किरण आणि प्राणवायू ही चार साधने तालुक्याच्या रुग्णालयात अहोरात्र तयार असली पाहिजेत. ती असतील, तर मजुराचा बैल गोठ्यातच राहील. ती मागायला डॉक्टरीची पदवी लागत नाही, एकजूट लागते.