आजारपणाची रजा आणि रुग्णालयाचा कागद

(वार्षिक सर्वसाधारण सभेनंतरच्या स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाविषयी बोलतो. यंदाचा ताळेबंद अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहे आणि तो आपण वाचालच. आज मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, ज्याला आमच्या हिशेबाच्या वहीत स्वतंत्र खाते नाही. तो विषय म्हणजे आजारपणाच्या रजेसाठी मालकाला द्यावा लागणारा वैद्यकीय दाखला.

काही काळापूर्वी एक बाई बिलाच्या खिडकीशी आल्या. त्यांचे यजमान एका कारखान्यात फिटर आहेत. मोटारसायकल घसरून त्यांच्या घोट्याचे हाड मोडले होते. आपल्याकडे तीन दिवस ते दाखल होते आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. उपचार उत्तम झाला. हाड नीट जुळले. परंतु घरी पाठविताना आपल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते केवळ दोन शब्द : ‘विश्रांती घ्यावी.’ किती दिवस, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, याचा उल्लेख नव्हता. कारखान्याने रुग्णालयातील तीन दिवसांची रजा मंजूर केली आणि पुढचे एकेचाळीस दिवस खाडे म्हणून मांडून बिनपगारी धरले. बाईंना आमच्याकडून भांडण करायचे नव्हते. बिलाच्या उरलेल्या रकमेचा हप्ता या महिन्यात भरता येणार नाही, एवढेच सांगायला त्या आल्या होत्या.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. ज्या खर्चाला व्हाउचर नाही तो खर्च आम्ही मान्य करीत नाही, हीच आमची शिकवण. म्हणून कारखान्याच्या लेखनिकाला मी दोष देऊ शकलो नाही. त्याच्यासमोर एकेचाळीस दिवसांचे व्हाउचर नव्हते, आणि ते देण्याचे काम आपले होते.

आम्ही नोंदी काढल्या. एक केसपेपर घरी हरवला होता. पण प्लास्टरच्या नोंदवहीत प्लास्टर घातल्याची व कापल्याची तारीख होती आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत मधल्या दोन भेटी होत्या. त्यांच्या आधारे अस्थितज्ज्ञांनी दाखला लिहिला. त्यावर तारीख त्याच दिवशीची घातली. ‘रुग्णालयाच्या नोंदींवरून’ असे स्पष्ट लिहून कोणत्या दिवशी तपासले, प्लास्टर कधी घातले, कधी काढले, आणि त्या काळात हा माणूस कामावर उभा राहू शकत नव्हता, हे नमूद केले. कारखान्याने तो कागद स्वीकारला आणि शिल्लक होती तेवढी रजा लावून दिली. उशिरा दिलेला खरा दाखला आणि मागील तारीख घालून दिलेला दाखला यांतील अंतर या एका उदाहरणात दिसते. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे.

मालक हा कागद का मागतात, हेही न्यायाने पाहिले पाहिजे. आपल्या देणगीदारांत अनेक जण स्वतः कारखाना किंवा दुकान चालवितात. वीस माणसांच्या कारखान्यात तिघे एकाच वेळी गैरहजर राहिले, तर काय होते ते त्यांना विचारावे. गणपतीच्या आणि शिमग्याच्या सुमारास ज्वर व अतिसार हे दोन विकार विशेष बळावतात, असा आमच्या कचेरीचाही अनुभव आहे. (सभागृहात हशा.) तेव्हा कागद मागणे गैर नाही. मात्र तो कोणता, किती आणि कशासाठी, याबाबत मालक, कामगार आणि रुग्णालय या तिघांच्याही मनात गोंधळ आहे.

शासकीय सेवेतील मंडळींचे नियम तुलनेने स्पष्ट आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये वर्षाला वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर तिचे रूपांतर पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत करून घेता येते आणि अशा प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी रजेचे दोन दिवस खर्ची पडतात. म्हणजे एखाद्या शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांच्या सहीवर अर्धा पगार की पूर्ण, हे ठरते. शिवाय वैद्यकीय कारणास्तव घेतलेल्या रजेवरून परतताना कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा, म्हणजे आपण ज्याला फिटनेस म्हणतो तो, दाखला वेगळा लागतो. पुष्कळ रुग्णांना ही गोष्ट रुजू होण्याच्या दिवशी सकाळी आठवते आणि मग साडेनऊ वाजता आमच्या खिडकीवर गर्दी होते.

दुकाने आणि खासगी आस्थापनांतील चित्र निराळे आहे. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे आणि कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मिळणारी भरपगारी रजाही आहे. आजारपण आले की यातूनच भागवावे लागते. तिथे लांबलेल्या दुखण्यात दाखल्याचा उपयोग पगारापुरता थोडा आणि नोकरी टिकण्यापुरता अधिक असतो.

सर्वांत मोठे अज्ञान आहे ते कर्मचारी राज्य विमा योजनेविषयी. ही योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे प्रत्यक्ष सुरू झाली. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी भरली जाते. वेतनाची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये एकवीस हजार रुपये करण्यात आली. ठरलेले वर्गणीचे दिवस भरले असतील तर आजारपणात सरासरी रोजच्या वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. पहिले दोन दिवस सामान्यतः वगळले जातात. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, सेवेची व वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर, ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते.

आता अडचण पाहा. हा लाभ सुरू होतो तो विमा दवाखान्यातील डॉक्टरांच्या दाखल्याने. आपले रुग्णालय धर्मादाय असले, तज्ज्ञ असले, तरी आपल्या लेटरहेडवरील चिठ्ठी थेट त्या खिडकीवर चालत नाही. आपले कागद पुराव्यादाखल घेऊन रुग्णाने विमा दवाखान्यात जायचे, तेथे पहिला दाखला घ्यायचा, दुखणे चालू असेतो ठरलेल्या अंतराने पुढचे दाखले घ्यायचे आणि बरे झाल्यावर अंतिम दाखला. हे कोणी सांगितलेच नाही, तर रुग्ण दोन महिने आपल्या चिठ्ठ्या जपून ठेवतो आणि शेवटी त्या घेऊन मालकाकडे जातो. मालक म्हणतो, ‘विम्याकडे जा.’ विमा कार्यालय म्हणते, ‘इतके दिवस कुठे होता?’ वर्षानुवर्षे वर्गणी भरून एक पैसाही न उचललेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्या क्षयरोग बाह्यरुग्ण विभागात एक तरुण कामगार चार महिने येत होता. आपला विमा आहे हे त्याला ठाऊक होते. दीर्घ आजारासाठी वेगळी तरतूद आहे हे ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर तोपर्यंत ते आमच्याही कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते.

याच तरुणाने आणखी एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. दाखल्यावर आजाराचे नाव लिहू नका, अशी त्याची विनवणी होती. क्षयरोग कळला की शेजारचा माणूस यंत्रावर उभा राहणार नाही, अशी त्याला धास्ती होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत दाखल्याचा जो नमुना दिलेला आहे, त्यात आजाराच्या नावासाठी जागा आहे. त्याच विनियमांनी रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधनही डॉक्टरांवर घातले आहे. विमा दवाखान्याच्या डॉक्टरांना निदान कळलेच पाहिजे, अन्यथा लाभ कसा मिळणार? परंतु हजेरीपत्रक भरणाऱ्या लेखनिकाला ते कशासाठी हवे? माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ आहे, एवढ्याने त्याचे काम भागते. म्हणून आम्ही असे ठरविले की दाखला रुग्णाच्याच हाती द्यायचा. निदान लिहिलेला कागद उपचारासाठी व विम्यासाठी वेगळा. मालकाकडे द्यायच्या कागदावर रुग्णाची हरकत असेल तर फक्त असमर्थतेचा कालावधी. काही मालक हा दुसरा कागद परत पाठवितात. तेव्हा आम्ही रुग्णाला विचारून, त्याच्या लेखी संमतीनेच, अधिक तपशील देतो.

कारखान्यांतून दूरध्वनी येतात. ‘साहेब, आमच्या माणसाला नक्की झालंय काय?’ असा प्रश्न अगदी आपुलकीने विचारला जातो. आम्ही उत्तर देत नाही. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने आणि मानसिक आजारांबाबत त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचे स्पष्ट संरक्षण दिले आहे. पण साधा मूळव्याधीचा रुग्ण असला तरी आमचे उत्तर तेच असते. दाखला आमच्या नोंदवहीत आहे की नाही, एवढे मात्र रुग्णाची संमती असल्यास आम्ही कळवितो. त्यामुळे काही स्नेही दुखावले आहेत. त्यांच्यापैकी काही आज या सभागृहात असतील. त्यांनी आमची अडचण समजून घ्यावी.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. तो बोलावा की नाही याचा मी बराच विचार केला.

काही वर्षांपूर्वी संस्थेच्या एका जुन्या हितचिंतकांच्या घरून निरोप आला. त्यांच्या एका नातेवाइकाचा प्रवास लांबला होता आणि नोकरीच्या ठिकाणी पंधरा दिवसांचा वैद्यकीय दाखला, अर्थात मागील तारखेचा, हवा होता. ते गृहस्थ आपल्या रुग्णालयाची पायरी त्या पंधरा दिवसांत चढलेले नव्हते. निरोप प्रथम आमच्या एका तरुण निवासी डॉक्टरांकडे गेला. ते गोंधळून माझ्याकडे आले. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदणीपुस्तकातून कमी होऊ शकते, हे त्याच २००२ च्या विनियमांत आहे, आणि फौजदारी कायद्यानेही तो गुन्हा आहे. प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवायची, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरील एक तरी ओळखीची खूण लिहायची, प्रत जपायची, असा नियम आहे. ती खूण त्या डॉक्टरांनी कोणाच्या अंगावरून लिहायची होती? मी त्या घरी स्वतः जाऊन नम्रपणे नकार कळविला. चहा घेतला, निघालो. त्यानंतर त्या कुटुंबाकडून देणगी आलेली नाही. ही गोष्ट मी विश्वस्त मंडळाला त्याच वेळी कळविली होती. मंडळाने माझ्या निर्णयास संमती दिली आणि त्या वर्षी तुटीची तरतूद इतर खात्यांतून केली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आपल्यापैकी कोणाला असे वाटेल की एका कागदाने काय बिघडले असते? बिघडते ते असे. आपल्या शिक्क्याचा एक दाखला खोटा निघाला की त्या कारखान्याचा अधिकारी पुढचे सगळे दाखले संशयाने पाहू लागतो. मग फिटरच्या घोट्यासाठी दिलेला दाखलाही टेबलावर पडून राहतो. हे मी कल्पनेने बोलत नाही. एका आस्थापनेने मध्यंतरी ‘धर्मादाय रुग्णालयाचे दाखले चालणार नाहीत, कंपनीच्या डॉक्टरांकडे फेरतपासणी करावी’ अशी सूचनाच फलकावर लावली होती. पोटाची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झालेली एक महिला कामगार त्या फेरतपासणीसाठी रिक्षाने गेली आणि दोन तास बाकावर बसून राहिली.

आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. डिस्चार्ज कार्डावर ‘विश्रांती’ या शब्दापुढे दोन तारखांच्या मोकळ्या जागा छापून घेतल्या आहेत; त्या रिकाम्या असतील तर मेट्रन कार्डावर सही करीत नाहीत. दाखल करतानाच रुग्णाला विचारले जाते, नोकरी आहे का, विमा आहे का, मालकाचा काही ठरावीक नमुना आहे का. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापील असतो. आंतररुग्णांचे कागद नियमाने तीन वर्षे ठेवावे लागतात, आपण त्याहून अधिक ठेवतो, कारण भांडणे तीन वर्षांत मिटतातच असे नाही. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यास बहात्तर तासांत देणे बंधनकारक आहे. येथे बसलेल्या नातेवाइकांनी हा हक्क ध्यानात ठेवावा आणि आमच्याकडून दिरंगाई झाल्यास माझ्याकडे थेट यावे. गेल्या वर्षी अशा तक्रारी झाल्या, त्यांतील काही रास्त होत्या.

एक काम अजून राहिले आहे. विमाधारक रुग्णांना विमा दवाखान्याचा रस्ता दाखविण्यासाठी एक समाजसेवक पूर्णवेळ हवा. सध्याच्या समाजसेविका निर्धन रुग्णांच्या कागदपत्रांतच बुडालेल्या असतात. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेचे हिशेब एकट्या त्याच पाहतात. या पदाचा प्रस्ताव मी मंडळासमोर ठेवला आहे. त्याचा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखविलेला आहे.

जे देणगीदार स्वतः मालक आहेत, त्यांना एकच विनंती. आपल्या कारखान्याचा रजेचा जो छापील नमुना असेल, त्याच्या कोऱ्या प्रती आमच्या नोंदणी कक्षात आणून ठेवाव्यात. सहा कारखान्यांनी त्या दिल्या आहेत आणि कपाटात त्यांच्यासाठी वेगळा खण केला आहे. माणूस दाखल झाला त्याच दिवशी तो नमुना केसपेपरला टाचला जातो.

त्या फिटरच्या पत्नींनी उरलेला हप्ता तीन महिन्यांनी भरला. पावती घेताना त्यांनी तारीख नीट वाचून पाहिली.