घर एकराने मोजू नका, माणसाने मोजा

(पिशोर, ता. कन्नड येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून मक्याचा भाव झाला, आल्याचा भाव झाला, विजेचे झाले. आता मला वेळ दिला आहे आणि मी बोलणार आहे घर बदलण्यावर. पुढे बसलेले काही जण हसले. त्यांना वाटले असेल, हा शेतीचा पदवीधर आता वास्तुशास्त्र सांगणार. तसे नाही. हाही हिशेबाचाच विषय आहे आणि आपण तो कधी मांडलेला नाही.

आपल्या भागात गावठाणातली बिऱ्हाडे मळ्यात चालली आहेत. का चालली आहेत? भावाभावांत वाडा वाटला, एकेकाच्या वाट्याला एक-दोन खण आले. जनावरे बांधायला जागा उरली नाही. वीज येईल तेव्हा पाणी द्यायचे, मग ती रात्री दोनला का येईना. म्हणून माणूस शेतात घर बांधतो. पंधरा-वीस माणसांचे खटले ट्रॅक्टरच्या चार खेपांत हलते. खटले एका दिवसात हलते, संसार बसायला मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात. घर पाहावे बांधून म्हणतात. मी म्हणतो, घर पाहावे बदलून.

आपल्या मराठवाड्यात हजारो शेतकरी कुटुंबांनी एकदम घर बदलले, ते किल्लारीच्या भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर मातीचे जड धाबे. झोपलेल्या माणसांवर घरेच पडली. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, जुने ते सगळे सोने असे म्हणायला मी उभा नाही. त्या जुन्या घरांनीच माणसे मारली.

नंतर 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. सरकार आले, जागतिक बँकेचा पैसा आला, देशभरातल्या संस्था आल्या. भूकंपात टिकतील अशी घरे झाली, ही मोठीच गोष्ट. पण घराचे माप कसे ठरले ते ऐका. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला 400. सात हेक्टरच्या वर 750. म्हणजे घर मोजले जमिनीवर, त्यात राहणाऱ्या डोक्यांवर नाही.

आता गणित करा. एका खाटेला 18 चौरस फूट लागतात. आठ माणसांच्या खाटा टाकल्या की 144 फूट गेले. उरलेल्या 106 फुटांत चूल, पाणी, धान्य, शेळी आणि पाहुणा. बैलजोडी असली तर तिलाच 80 फूट पाहिजेत. त्या भागात मी नोकरीच्या निमित्ताने फिरलो. आखीवरेखीव रस्ते, रांगेत घरे, आणि घरांपुढे लोकांनी आपल्या खर्चाने उभारलेल्या पत्र्याच्या शेडी. त्या शेडींत कडबा, औते, चूल. योजनेने जे मोजले नाही ते सगळे त्या पत्र्याखाली होते. शेतकऱ्याचे घर म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हे. ते गोदाम आहे, गोठा आहे, बियाण्याची कोठी आहे. हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितलेच नाही.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. मी स्वतः काय केले ते आता सांगतो.

2018 च्या वैशाखात आम्ही मळ्यात राहायला गेलो. आई, विधवा चुलती, आम्ही तिघे भाऊ, आमच्या तिघांच्या बायका आणि नऊ पोरे. सतरा माणसे. घराचा नकाशा मी काढला. मी शिकलेला, त्यामुळे कुणी आडवे बोलले नाही. तीन खोल्या तीन भावांना, एक आई-चुलतीला, पुढे पडवी, मागे धान्याची कोठी. कागदावर सगळे बसले. नऊ पोरे कुठे झोपणार, हे मी लिहिलेच नव्हते. उन्हाळ्यात ती अंगणात झोपली, म्हणून कुणाच्या ध्यानात आले नाही.

मृग लागला, पोरे आत आली. घराचा गिलावा अजून ओला होता. मी गव्हाची पोती भिंतीला टेकवून रचली होती. सिमेंटची ओल पोत्यात उतरली, जुलैत गव्हाला सोंडे लागले. मी नेहमीचा उपाय केला. दुकानातून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणल्या, संध्याकाळी पोत्यांत ठेवल्या, वर ताडपत्री झाकली आणि जिल्ह्याच्या बैठकीला निघून गेलो. जुन्या वाड्यात वर्षानुवर्षे असेच चालले होते. तिथे धान्याची खोली अंगणापलीकडे होती, तिच्याजवळ कुणी झोपत नव्हते.

नव्या घरात थोरल्या भावाची दोन पोरे पावसाळा लागल्यापासून कोठीतच झोपत होती. दिवसा अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकत, म्हणून मला दिसले नाही. या गोळीला ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोली, पावसाळी हवा, ओल्या भिंती. मध्यरात्री वहिनींना लसणासारखा उग्र वास आला. उठून पाहतात तर दोन्ही पोरे ओकत होती. त्यांनी दोघांना ओढून अंगणात पावसात आणले, घराची सगळी दारे उघडली, सगळ्यांना बाहेर काढले. रात्रीच कन्नड, तिथून पुढे शहरात. या विषावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात. सहा दिवसांनी दोन्ही पोरे घरी आली. आली हे आमचे नशीब, त्यात माझ्या पदवीचा काही हात नाही.

घरी आल्यावर मी वहिनींना विचारले, पोरे तिथे झोपतात हे मला सांगितले का नाही? त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही विचारलं कधी? घर बांधताना विचारलं नाही, गोळ्या ठेवताना विचारलं नाही. आता विचारताय."

हे मी भर बैठकीत सांगतो आहे, कारण या जिल्ह्यात मळ्यातले प्रत्येक नवे घर असेच बांधले जाते आहे. नकाशा पुरुष काढतो, गवंडी बांधतो, आणि ज्या बाईला त्यात सकाळी चारपासून रात्री दहापर्यंत वावरायचे आहे तिला कळते ते राहायला गेल्यावर. किल्लारीत सरकारने माणसे मोजली नाहीत म्हणून आपण बोलतो. माझ्या घरात ती मी मोजली नव्हती.

त्यानंतर आम्ही घरात बैठक घेतली. बाया आधी बोलल्या, आम्ही ऐकले. त्यातून जे ठरले ते थोडक्यात सांगतो, तुमच्या कामी पडेल.

पहिले, धान्य. राहत्या घरात या गोळ्या वापरायच्या नाहीत, शेजारच्या खोलीतही नाहीत. धान्य कडक उन्हात वाळवा, दाताखाली कडकन फुटले पाहिजे. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी सर्वांत बरी. आणि विक्रीचा माल घरात साठवायचाच कशाला? सुगीत भाव पडतो म्हणून आपण थांबतो आणि पोरांच्या उशाला पोती रचतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. ती राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात तूर, सोयाबीन ठेवले की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी मिळते. तुमची बाजार समिती ती राबवत नसेल तर भांडण तिथे करा.

दुसरे, पाणी. आमच्या नकाशात हौद गोठ्याजवळ होता, कारण मी बैलांचा विचार केला होता. बाया दिवसाला चाळीस हंडे स्वयंपाकघरात वाहत होत्या. एक नळी टाकली, काम संपले. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब आणि उताराच्या बाजूला घ्या. सांडपाणी केळीला, अळूला, शेवग्याला सोडा.

तिसरे, झोपायची जागा. खोल्या भावांच्या संख्येने पाडू नका. रात्री कोण कुठे अंग टाकणार याची यादी करा, म्हातारे आणि पोरे आधी. ती यादी पावसाळ्याची करा. उन्हाळ्यात प्रत्येक घर मोठे वाटते.

चौथे, कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घर नवरा-बायको दोघांच्या नावे लागावे, असे शासनाने 2003 सालीच सांगितले आहे. आमच्या घराला तिन्ही जोडप्यांची नावे लागली. वहिनी म्हणाल्या, आता भिंत कुठे पाडायची ते मीही सांगणार. सांगतात.

शेवटचे म्हातारीचे. वर्षभर आई रोज सकाळी चालत गावातल्या जुन्या घरी जायची आणि कुलूप लावलेल्या दारापुढे बसून यायची. आम्ही तिला नवी खोली दिली होती, पंखा दिला होता. तिला काय हवे ते धाकट्या पोरीने विचारले. आई म्हणाली, तिथे ओट्यावर बसलं की येणारं-जाणारं बोलतं. आम्ही रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, चार फुटांचा ओटा बांधला. दोन पोती सिमेंट लागले. आता मळ्यातल्या सगळ्या बाया तिथे थांबतात आणि आई जुन्या घराचे नाव काढत नाही.

भावांनो, तुमच्यापैकी कुणाचे बांधकाम चालू असेल, कुणी पाया खणत असेल. आज घरी गेल्यावर नकाशा चुलीजवळ न्या, जमिनीवर पसरा आणि बायांना विचारा, पावसाळ्यात पोरे कुठे झोपतील? उत्तर मिळेपर्यंत गवंड्याला थांबवा. आणि घरात गोळ्यांची डबी असेल तर ती आज रात्रीच पोरांपासून आणि राहत्या घरापासून दूर करा.

एवढेच सांगायचे होते.