शाळेबाहेरचे बालक आणि खेळाचे मैदान



मानव विकासाची चर्चा शिक्षण, आरोग्य आणि उत्पन्न या तीन निकषांभोवती फिरते. खेळाचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ ने खेळ हा बालकाचा हक्क मानला असून भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. ५ ते १७ वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

आपल्याकडे हा हक्क प्रामुख्याने शाळेमार्फत पोहोचतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी मैदान व क्रीडासाहित्य आवश्यक ठरविले आहे. मात्र, पालकांच्या निर्णयामुळे घरीच शिकणाऱ्या मुलांचे काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रमात इयत्ता तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष स्तर आहेत. अशा मुलाला पुस्तक मिळते, परीक्षा देता येते. परंतु मैदान आणि सवंगडी मिळत नाहीत.

विरळ संख्येचा प्रश्न

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही विरळ बाजारपेठेची समस्या आहे. शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत, शाळांच्या संघांमध्ये होतात. एखाद्या परिसरात घरी शिकणारी मुले दहा-बाराच असतील आणि त्यांची वयेही सहा ते पंधरा अशी विखुरलेली असतील, तर समवयस्कांचे दोन संघ उभे राहणे अशक्य ठरते. म्हणून मिश्र वयोगटाचा खेळ ही येथे हौस नसून गरज आहे. फुटबॉल त्यास विशेष अनुकूल आहे. एक चेंडू आणि चार खुणा एवढ्यावर तो सुरू होतो. शिवाय कुमार, ज्येष्ठ व दिव्यांग खेळाडूंसाठी मैदान, चेंडू व कालावधी यांत बदल करण्याची मुभा त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे.

‘कच्चा लिंबू’च्या पुढे

आपल्या गल्लीतील खेळात लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेण्याची जुनी रीत आहे. तो बाद होत नाही. मात्र त्याचा खेळ मोजलाही जात नाही. ही सवलत झाली, सहभाग नव्हे. सर्वसमावेशक खेळात लहान मुलाची कृती निकालात मोजली गेली पाहिजे.

त्यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. संघ चार-पाच जणांचे असावेत. ते कप्तानांनी निवडू नयेत; अन्यथा दुर्बल मूल प्रत्येक वेळी शेवटी उरते. संघ संयोजकाने वय व कौशल्य पाहून पाडावेत आणि दर दहा मिनिटांनी बदलावेत. चेंडू चार क्रमांकाचा, गोलजाळी लहान असावी. मोठ्यांनी चेंडूला सलग दोनच स्पर्श करावेत व लहानांना धक्का देऊ नये. संघातील प्रत्येकाचा पाय चेंडूला लागल्याशिवाय गोल धरू नये. या शेवटच्या नियमाने मोठ्या मुलाचा स्वार्थ आणि लहानाचा सहभाग एका दिशेने येतात. लहानाकडे चेंडू देणे हा उपकार राहत नाही. ती जिंकण्याची अट बनते. योग्य नियमांमुळे सहकार्य कसे घडते, याचे हे सुबोध उदाहरण होय.

दोन अनुभव

कोलंबियाचा फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार याची १९९४ मध्ये मेडेलीन शहरात हत्या झाली. त्यानंतर तेथे मुलामुलींच्या मिश्र संघांचा, पंच नसलेला फुटबॉल रुजविण्यात आला. त्यातून विकसित झालेल्या पद्धतीत तीन टप्पे असतात: प्रथम नियमांवर सहमती, मग सामना आणि अखेरीस खिलाडूवृत्तीचे गुण ठरविणारी चर्चा. नागपूरमध्ये क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ची सुरुवात करून झोपडवस्तीतील मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणले.

नागपूरचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. काही मुले पालकांच्या निवडीने शाळेबाहेर असतात, तर काही दारिद्र्यामुळे. पहिल्या गटाचा खेळ केवळ शुल्क भरणाऱ्या कुटुंबांपुरता राहिला, तर एका वंचिततेवरील उपाय दुसरी विषमता निर्माण करील. त्यामुळे हे मैदान वस्तीतील मुलांनाही खुले हवे.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने शाळांच्या वापराविना राहणाऱ्या सुविधा समाजासाठी उपयोगात आणण्याची संकल्पना मांडली आहे. सायंकाळी व सुटीच्या दिवशी रिकाम्या असलेल्या मैदानाचा अतिरिक्त वापर अल्प खर्चात होऊ शकतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आठवड्यातून दोन तास मैदान द्यावे. पालकांनी देखरेख, पाणी व प्रथमोपचाराची जबाबदारी घ्यावी. शाळेच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या बालकालाही खेळाचा हक्क तेवढाच आहे. तो प्रत्यक्षात आणण्यास नव्या योजनेपेक्षा उघड्या फाटकाची आवश्यकता अधिक आहे.