हातात डबा घेतलेला गायक



आवडत्या कलावंताबद्दल पाच मिनिटं बोला, असा संयोजकांचा हुकूम आहे. भीमसेनजी आणि लताबाई आधीच बोलून झाल्या आहेत, त्यामुळे मी जरा लांब जातो. बिल विदर्स. अमेरिकन माणूस. गाणी स्वतःच लिहायचा, चालही स्वतःच लावायचा आणि गायचाही.

जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणींच्या गावी. सहा भावंडांत धाकटा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. आजीचा फार लळा होता. तिच्या हातांवर त्याने पुढे एक सुंदर गाणं लिहिलं. आणि बोलताना तो अडखळायचा. थोडाथोडका नाही, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत.

आमच्या बॅचला माझी हजेरी आठवत असेल. 'हजर'मधला 'ह' बाहेर पडेपर्यंत पुढचे दोन नंबर होऊन जायचे, म्हणून मी नुसता हात वर करायचो. हसा, आता हरकत नाही. तेव्हा मात्र पोटात गोळा यायचा. विदर्सने पुढे सांगितलं होतं की, सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण त्याचं अडखळणं समोरचा काय म्हणेल या भीतीतून यायचं. तो इतरांना स्वतःपेक्षा फार मोठं समजत असे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

नऊ वर्षं त्याने आरमारात नोकरी केली. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे संडास बनवणाऱ्या कारखान्यात लागला. फावल्या वेळात गिटार शिकला. १९७१ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा वय बत्तीस. त्या धंद्यात हे म्हातारपणच. तिच्या वेष्टनावरचा फोटो पाहा: कारखान्यातली जेवणाची सुट्टी, हातात डबा. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून तो नोकरी सोडायला तयार नव्हता. त्यातलं 'एन्ट नो सनशाइन' इतकं गाजलं की कंपनीने त्याला सोनेरी संडासाची सीट भेट दिली!

त्या गाण्यात दोनच शब्द तो लागोपाठ सव्वीस वेळा म्हणतो. तिथे खरं तर नवे शब्द लिहायचे होते, पण सोबतचे वादक म्हणाले, असंच राहू दे. एकेकाळी शब्दावर अडकणारा माणूस तिथे मुद्दाम थांबून राहतो, आणि ऐकणारा श्वास धरून बसतो. मला तरी तसं वाटतं. संगीतातले जाणकार वेगळं सांगतील.

दुसऱ्या वर्षी 'लीन ऑन मी' आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पियानोवर नुसती बोटं वरखाली फिरवताना सुचलेली चाल. पेटीच्या पहिल्या धड्यातलं सा रे ग म, आणि परत उलटं. मागे आठवण होती स्लॅब फोर्कची, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या शेजाऱ्यांची.

पुढे रेकॉर्ड कंपनी बदलली आणि काय गायचं हे साहेब लोक सांगू लागले. १९८५ मध्ये त्याने शेवटची रेकॉर्ड केली आणि सरळ घरी बसला. पुन्हा कधी अल्बम केला नाही. लोक त्याच्या यशाचं कौतुक करतात, मला हे घरी बसणं जास्त आवडतं. समोरच्याला मोठं समजायचं त्याने खरंच सोडलं होतं.

त्याच्यावर २००९ मध्ये 'स्टिल बिल' नावाचा माहितीपट आला. त्यात तो न्यूयॉर्कमध्ये अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या एका नाटकमंडळीला भेटतो. मुलं बोलतात, तो ऐकतो. कोणाचंही वाक्य तो पुरं करत नाही. इथे अजून शिकवणारे आपले काही मित्र आहेत, त्यांना एवढी एकच विनंती: वर्गात असं पोर असेल तर थांबा, शब्द त्याचा त्याला सापडू द्या.

विदर्स ३० मार्च २०२० रोजी गेला. जग घरात कोंडलेलं होतं आणि धीर द्यायला लोक त्याचंच 'लीन ऑन मी' गात होते.

माझा वेळ संपला, पण 'एन्ट नो सनशाइन' दोनच मिनिटांचं आहे. कोणीतरी माइक जरा मोबाइलजवळ धरा.