दोन आसनांचं विमान
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



'सध्या काय करतेस' यावर पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. सॉफ्टवेअरमधली नोकरी तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षापासून मी पुन्हा विमानांच्या प्रतिकृती करायला लागले आहे, त्याबद्दल बोलते.

नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतंय? माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या काकांनी इंग्लंडहून प्लास्टिकचा किट आणला होता. 'रेड ॲरोज' या ब्रिटिश कसरतपथकाचं लाल नॅट विमान, दोन आसनांचं. खरं विमान पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे सव्वासात मीटर. १:७२ प्रमाणात ते दहा सेंटिमीटर होतं. हे गणित आम्ही तक्त्यावर लिहिलं होतं. पंधरा दिवस दोघी खपलो.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री विमान माझ्या घरी होतं. वैमानिकांवरचं पारदर्शक झाकण, म्हणजे कॅनॉपी, तेवढी बसवायची राहिली होती. ती दोघींनी मिळून बसवायची असं ठरलं होतं. मला धीर धरवला नाही. पटकन चिकटणारा गोंद लावला. सकाळी बघते तर त्या गोंदाच्या वाफेने कॅनॉपी आतून पांढरीफटक! मैत्रिणीला म्हटलं, "काल तूच हाताळली होतीस ना?" तिने ते खरं मानलं. सरांसमोरही चूक स्वतःवर घेतली. नंतर मला म्हणाली, "तूच ठेव हे. माझ्या हातात कला नाही."

त्यानंतर तिने काही केलेलं मी पाहिलं नाही. मीही किटला हात लावला नाही. कुणी विचारलं तर अभ्यासाचं कारण सांगायचे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला माळ्यावरच्या ट्रंकेत ते विमान सापडलं. "आई, याची काच अशी का?" तिला मी खरं सांगितलं. मग तोच किट शोधून मागवला.

एकतीस वर्षांनी हात थरथरतात आणि चष्म्याशिवाय सुटा भाग दिसत नाही. पण आता थोडं कळतं. प्लास्टिकच्या सांध्यावर खास सिमेंट ब्रशने फिरवलं की प्लास्टिकच किंचित विरघळून एकजीव होतं. रंग पातळ थरांत द्यायचा, एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि कॅनॉपीला? साधा पांढरा फेव्हिकॉल. वाळला की पारदर्शक होतो. त्या रात्री तो माझ्या दप्तरातच होता!

ऑफिसात चुकलेला कोड मी परत मागे घेऊ शकते. बोललेलं खोटं तसं मागे घेता येत नाही, निदान उघडपणे सांगता तरी येतं. म्हणून सर, तुमच्यासमोर सांगते: ती चूक माझी होती.

आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मैत्रिणी, तुझं नाव घेत नाही, तुला कळलंच असेल. तुझ्या हातात कला होती. त्या जुन्या विमानाचे पंख तूच जोडले होतेस. ते अजून घट्ट आहेत.

नवं विमान मी पिशवीतून आणलंय. सगळं झालंय, कॅनॉपी तेवढी ठेवली आहे. फेव्हिकॉलही आणलाय. जेवण झाल्यावर बसू या का दोघी?