गच्चीवरचा वाफा आणि पेल्यांतील गंध

बोरीवलीच्या पूर्वेस कान्हेरीचे डोंगर आणि पश्चिमेस गोराईची खाडी. या दोहोंच्या मधल्या पट्टींत एके काळीं भाताचीं खाचरें, ताडांचीं बनें आणि भाजीच्या वाड्या होत्या. एक्सर, शिंपोली, वझिरा हीं नांवें अजून पत्त्यावर लिहिलीं जातात. परंतु ज्या जमिनीचीं तीं नांवें, ती जमीन इमारतींच्या पायाखालीं गेली. वाडी गेली तरी वाडीची हौस मात्र गेली नाहीं. ती जिना चढून गच्चीवर गेली, आणि जेथें गच्ची मिळाली नाहीं तेथें खिडकीच्या जाळींत जाऊन बसली.

सकाळची लोकल गांठण्यापूर्वीं मिरचीच्या कुंडीला तांब्याभर पाणी घालणारा गृहस्थ या उपनगरांत आतां विरळा राहिलेला नाहीं. त्याच्या कुंडींत खरी माती थोडीच असते; नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरांतील सालींचें खत यांचाच भरणा अधिक, कारण गच्चीला फार ओझें सोसत नाहीं. पावसाळ्यांत पिंपाच्या बुडाशीं पाणी तुंबून मुळें कुजूं नयेत ही एक चिंता, आणि उन्हाळ्यांत लादी तापून तींच मुळें भाजूं नयेत ही दुसरी. दुधीचें फूल संध्याकाळीं उमलतें. इतक्या उंचीवर पतंग फिरकला नाहीं तर नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलास हातानें लावावा लागतो, नाहींतर बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळून जातो. एवढा खटाटोप करून हातीं येतात ते दोन दुधी. हिशेबानें पाहिलें तर हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. परंतु हिशेबांत न धरलेला एक लाभ त्यांत होत असतो, व तो नाकाला आणि जिभेला होतो. टोमॅटोच्या पानाला हात लागला कीं बोटांना कोणता वास येतो, हें बाजारांतून टोमॅटो आणणाऱ्यास कळण्याचा मार्गच नाहीं.

याच घरांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरी एक हौस दिसूं लागली आहे. एखाद्या शनिवारीं चार-सहा स्नेही जमतात, दोन-तीन प्रकारची वाइन थोडथोडी चाखतात, आणि तिच्या वासाचें व चवीचें वर्णन करण्याचा यत्न करतात. हें ऐकून कांहीं श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडेल. ती निष्कारण आहे असें म्हणतां येत नाहीं. मद्यानें धुळीस मिळविलेले संसार या महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिले आहेत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची चौकट अजून उभी आहे, व मद्य करण्यास तसेंच पिण्यास परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्टच सांगितलें कीं, मद्याची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं. ज्या घरीं बाटली येत नाहीं तेथें ती यावी असें सुचविण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. परंतु ज्या घरीं ती येते तेथें ती कशी घेतली जावी हा प्रश्न उरतोच. मराठींत ‘दारू’ या एकाच शब्दानें सगळ्यांची बोळवण होते, आणि त्यामुळें चाखणें व पिणें हाही भेद पुसला जातो. तो भेद पुसला जाऊं नये एवढेंच म्हणावयाचें आहे.

बोरीवलीच्या परिसराला वाइन अगदींच परकी आहे असेंही नाहीं. गोराई, मनोरी व आसपासच्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज हा येथला मूळचा रहिवासी. ‘ईस्ट इंडियन’ हें नांव त्यानें १८८७ सालीं घेतलें. घरीं मात्र तो मराठीचीच बोली बोलत आला. नाताळ व लग्नकार्यें यांसाठीं द्राक्षांची, जांभळांची, बिटाची, आल्याचीदेखील वाइन मुरविण्याची त्याच्याकडे जुनी रीत आहे. चिनी मातीच्या बरणींत फळ, साखर व यीस्ट घालावयाचें, रोज लांकडी पळीनें ढवळावयाचें, आणि दिवस भरले कीं फडक्यांतून गाळावयाचें. लोणचें-मुरंब्याप्रमाणेंच तेंही ऋतूचें व सणाचें काम. वाडी राखणारे आणि बरणी ढवळणारे हात एकाच घरचे असत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण नव्या हौशी मंडळींनीं या दोन गोष्टी निरनिराळ्या मानल्या, आणि तेथेंच त्यांचें थोडें चुकलें.

नव्यानें चाखणाऱ्यांची पहिली अडचण असते ती शब्दांची. बाटलीच्या पाठीवर गूजबेरी, ब्लॅक करंट, असल्या फळांचीं नांवें छापलेलीं असतात. ज्यानें गूजबेरी जन्मांत पाहिली नाहीं त्यानें पेला हुंगून ‘गूजबेरी’ म्हणणें हें निव्वळ पाठांतर झालें. त्यापेक्षां त्यानें आपल्याच गच्चीवर एक फेरी मारावी. नाशिककडील सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा पेला नाकापाशीं नेला कीं पुष्कळदां एक हिरवा, तीव्र वास येतो. तो ढोबळी मिरचीचा वास होय. आणि ही नुसती उपमा नव्हे. मेथॉक्सिपायराझिन या नांवाचें द्रव्य दोहोंतही असतें. १९६९ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं तें ढोबळी मिरचींत हुडकून काढलें. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यांतील दोन भाग एक लिटर पाण्यांत मिसळले, तरी माणसाच्या नाकाला तें ओळखूं येतें! फळ पिकत जातें तसें तें घटत जातें. द्राक्षाच्या घडावर दाट पानांची सावली राहिली, किंवा घड लवकर खुडला, तर हा हिरवा वास वाइनींत अधिक उतरतो. ज्यानें आपल्या कुंडींतील एक ढोबळी मिरची हिरवी खुडली आणि दुसरी तांबडी होईपर्यंत झाडावर राहूं दिली, त्याला हें सारें पुस्तकावांचून कळतें. पेल्यांतील द्राक्ष केव्हां खुडलें असेल याचा तर्क तो बसल्या जागीं करूं शकतो.

शिराझ या तांबड्या वाइनींत मिऱ्याचा वास येतो, त्याचीही हकीकत अशीच आहे. २००८ सालीं ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं त्याचें कारण शोधलें. रोटुंडोन नांवाचें जें द्रव्य काळ्या मिऱ्यांत असतें तेंच या द्राक्षाच्या सालींत निघालें. मौजेची गोष्ट अशी कीं, सुमारें पांचांत एका माणसाला हा वास मुळींच येत नाहीं. तेव्हां ‘मिरें आहे कोठें?’ असें विचारणाऱ्या स्नेह्यास अरसिक ठरविण्याची घाई कोणीं करूं नये. तिसरें उदाहरण बिटाचें. बीट चिरतांना जो मातकट वास येतो आणि पहिल्या पावसांत जो मृद्गंध सुटतो, त्या दोहोंच्या मुळाशीं जिऑस्मिन हें एकच द्रव्य आहे. अंगणांत तो वास मन प्रसन्न करतो, बिटाच्या कोशिंबिरींत चालून जातो. वाइनींत आला तर मात्र बहुधा कुजकीं द्राक्षें निवडून टाकलेलीं नाहींत असें समजावें.

चवीच्या बाबतींत तर मराठी माणसाला कोणाकडे शब्द उसने मागावयाचें कारणच नाहीं. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय असे सहा रस आपल्याकडे फार प्राचीन काळापासून मोजले गेले. त्यांतील कषाय म्हणजे तुरट. तांबड्या वाइनींतील टॅनिन तोंडांतील लाळेशीं जुळून जिभेला व हिरड्यांना जो कोरडेपणा आणतें, तो अर्धवट पिकलेलें जांभूळ खाणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो, आणि त्याचें नांवही त्याला ठाऊक असतें. तुरट व कडू यांची गल्लत तो करीत नाहीं. कारलें वेगळें आणि जांभूळ वेगळें. इतकी उपजत तयारी असतांना परक्या शब्दांपुढें बुजून जाणें हें शिकल्यासवरल्या माणसांस शोभत नाहीं.

आतां द्राक्षाकडे वळावें. मुंबईच्या दमट हवेंत द्राक्षवेल मानवत नाहीं. तिचें घर घाटावर, नाशिक, नारायणगांव, सांगली या बाजूस. युरोपांत थंडींत वेल निजते व उन्हाळ्यांत फळते. आपल्याकडे तिला निजवावयास थंडीच पुरेशी नाहीं, म्हणून बागाईतदार वर्षांतून दोनदां कात्री चालवितो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पावसाळा सरतां सरतां फळछाटणी. घड तयार होतात ते जानेवारी ते मार्च या काळांत, ऊन चढत असतांना. उष्णतेनें द्राक्षांतील अम्ल झपाट्यानें उतरतें, म्हणून वाइनचीं द्राक्षें केव्हां तोडावीं हा एक दिवसाचा, कधीं एका रात्रीचा प्रश्न होऊन बसतो. नारायणगांवास १९८० नंतरच्या दशकांत या धंद्याचा पाया पडला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि त्यानंतर नाशिकच्या वाइनला स्वतःचें नांव मिळालें.

वेलीचे रोगही गच्चीवरच्या माळ्यास अनोळखी नाहींत. दुधी-काकडीच्या पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी धरते तिला भुरी म्हणतात. द्राक्षबागेंतही भुरी याच नांवाचा रोग येतो, आणि तिच्या जोडीला केवडा. केवड्यावर मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारतात. फ्रान्समधील मेदोक प्रांतांत रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून हें निळें मिश्रण शिंपडीत असत. त्या वेली रोगापासून वांचलेल्या पाहून मिलार्दे या शास्त्रज्ञानें १८८५ सालीं त्याचा उपाय म्हणून पुरस्कार केला, आणि त्याला बोर्डो मिश्रण हें नांव पडलें. जगांतील एका नामांकित वाइनच्या शहराचें नांव आपल्या खेडोपाडीं पोंचलें तें असें, पेल्यांतून नव्हे, फवारणीच्या पंपांतून!

द्राक्ष आणि गच्ची यांना जोडणारें एक नांव येथें घेतलेंच पाहिजे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ या नांवानें शेतकऱ्यांची एक सैलशी मंडळी जमविली. त्यांत द्राक्षबागाईतदार पुष्कळ होते. प्रत्येकानें आपल्या बागेंत कांहीं करून पाहावें, पाहिलेलें लिहावें व दुसऱ्यास कळवावें, एवढाच तिचा नियम. त्याच दाभोळकरांनीं पालापाचोळा व उंसाचें चिपाड कुजवून थोडक्या जागेंत भाजी पिकविण्याची रीत शिकविली, आणि ती मुंबईच्या गच्च्यांवर आली; मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर याच रीतीनें बाग उभी राहिली. घाटावरचा बागाईतदार आणि उपनगरांतला हौशी माळी हे या अर्थानें एकाच शाळेचे विद्यार्थी होत.

शनिवारच्या बैठकीसही हाच नियम लावावा. प्रत्येकानें आपणांस जाणवलेलें कागदावर लिहावें आणि सर्वांचें लिहून झाल्यावरच वाचावें. नाहींतर जो प्रथम बोलतो त्याचाच वास सर्वांना येऊं लागतो. बाटल्यांना कागद गुंडाळून क्रमांक घालावे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बोर्डो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांस पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली होती. तेव्हां त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें. डोळा जर शिकलेल्यांनाही इतका फसवितो, तर किंमतीची चिठ्ठी सामान्य माणसास काय करणार नाहीं? मात्रेविषयीं सांगावयाचें तर एका वेळीं ४० मिलिलिटर पुरे. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलींतून असे अठरा पेले भरतात. म्हणजे सहा माणसांनीं तीन प्रकार चाखले तरी प्रत्येक बाटली अर्ध्याहून अधिक शिल्लक राहते. धंदेवाईक चाखणारे घोट तोंडांत फिरवून थुंकून टाकतात. घरांतही त्यासाठीं एक भांडें ठेवावें व त्यांत संकोच मानूं नये. ज्याला गाडी चालवावयाची आहे त्याला तर दुसरा मार्गच नाहीं.

आणखी एक गोष्ट. युरोपीय पुस्तकांत तांबडी वाइन ‘खोलीच्या उष्णतेवर’ घ्यावी असें लिहिलेलें असतें. ती खोली बोरीवलीची नव्हे. तेथें सोळा-अठरा अंश धरलेले असतात, येथें तीस. म्हणून तांबडी बाटलीदेखील अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी, आणि पांढरी आठ-दहा अंशांपर्यंत थंड करावी. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवूं नये. तिखटानें मद्याचा दाह वाढतो आणि पुढचा अर्धा तास कांहीं समजेनासें होतें. तांदळाची भाकरी, काकडी, उकडलेलें बीट आणि गच्चीवरची ढोबळी मिरची, एक कच्ची व एक भाजलेली, एवढें ताटांत असलें म्हणजे पुरे.

वेळापत्रकही सहज जमण्यासारखें आहे. गणपति गेल्यावर, पावसाचा जोर ओसरला कीं टोमॅटोचीं व ढोबळी मिरचीचीं रोपें कुंड्यांत लावावीं. डिसेंबरच्या सुमारास तीं फळूं लागतात. त्याच वर्षींच्या आरंभीं नाशिकला तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन तोंवर दुकानांत आलेली असते, आणि घाटावर पुढच्या तोडणीचे घड भरूं लागलेले असतात. पहिली मिरची खुडावयाची तो शनिवार बैठकीसाठीं धरावा, व तिच्या झाडावर एक तरी फळ तांबडें होण्यासाठीं राखून ठेवावें.